स्टिकर रजिस्टरात आहे, तो रुग्णाच्या हातात द्या

ठाणे आणि नवी मुंबईत वजन कमी करण्याची ऑपरेशनं करणाऱ्या सर्व सर्जन डॉक्टरांस, आणि त्यांच्या हॉस्पिटलांच्या व्यवस्थापनांस,

सप्रेम नमस्कार.

मी ओटी सिस्टर. २६ वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये उभी राहिले, आता निवृत्त होऊन कोपरीत घरी असते. तुमच्यापैकी काहींच्या हातात मी स्टेपलर, म्हणजे जठर कापता कापता पिनांनी शिवणारं यंत्र, पिनांची कार्ट्रिज भरून ठेवला आहे. काहींना ते शिकत असताना "सर, ग्लोव्ह ट्रॉलीला लागला, बदला" असं म्हणून मागे पाठवलं आहे. त्या ओळखीच्या जोरावर लिहिते. रागावलात तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाचा.

घोडबंदर रोडवरून रिक्षाने गेलं की वजन उतरवण्याच्या जाहिराती दिसतात. आधीचा फोटो, नंतरचा फोटो, जुन्या पँटमध्ये दोन माणसं मावतील एवढी जागा. किती किलो, किती महिने, किती हप्ते, सगळं लिहिलेलं असतं. ज्या जठरावर हे सगळं घडतं त्याच्या भिंतीबद्दल जाहिरातीत काही नसतं, आणि नसायला हरकतही नाही, जाहिरातच ती. पण पुढे ओपीडीत, संमतीपत्रावर, डिस्चार्ज कार्डावरही त्या भिंतीबद्दल चकार शब्द नसतो. माझं पत्र त्या न लिहिलेल्या शब्दांबद्दल, आणि ती भिंत शिवणाऱ्या पिनांच्या पाकिटांवरच्या स्टिकरांबद्दल आहे.

माझं माहेर घणसोलीचं, आगरी. आमच्याकडे वजडी व्हायची. आई चुना लावून, गरम पाण्यात बुडवून ती खरवडायची आणि मला शेजारी बसवायची. कुठला तुकडा टॉवेलसारखा जाड आणि कुठला हाताला जेमतेम लागतो, हे तेव्हापासून बोटांना ठाऊक. बकऱ्याच्या पोटाला चार कप्पे, माणसाच्या जठराला एकच, तेव्हा तुलना फार ताणू नये. पण पहिल्यांदा स्लीव्हचं, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून उरलेल्याची अरुंद नळी करायचं, ऑपरेशन झालं आणि कापून काढलेला लांबट तुकडा माझ्या हातातल्या किडनी ट्रेमध्ये पडला, तेव्हा मला आईची परातच आठवली. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ. एकच पिशवी, पण कापड एक नाही.

तुम्हाला हे सांगण्याची गरज नाही, पण हे पत्र तुमचे रुग्णही वाचतील, म्हणून सांगते. जठराचं खालचं टोक, आतड्याच्या दाराअलीकडचं, त्याला अँट्रम म्हणतात. अन्न घुसळून दळायचं काम तिथे होतं, म्हणून तिथले स्नायू दणकट आणि भिंत जाड. वर डावीकडे, प्लीहेला टेकलेला फुगीर भाग म्हणजे फंडस. तो नुसता जागा करून देतो, म्हणून त्याची भिंत पातळ. दोन्हींतला फरक सहज दीडपट-दुप्पट असतो. स्लीव्हमध्ये सर्जन खालून, अँट्रमपासून सुरुवात करतात आणि वर फंडसच्या पलीकडे अन्ननलिकेच्या तोंडाजवळ बाहेर पडतात. आत मापासाठी बुजीची नळी ठेवलेली असते, तिच्या कडेने एकामागून एक पाच-सहा वेळा स्टेपलर चालतो आणि ७५ ते ८० टक्के जठर बाहेर येतं. म्हणजे एकाच ऑपरेशनमध्ये जाड कापडापासून पातळ कापडापर्यंतचा प्रवास, आणि शिवण मात्र सलग एक.

शिवण म्हटलं की मशीनची सुई आठवते. मलमलीला जी सुई लावाल ती जीन्सला लावली तर मोडते, आणि जीन्सची मलमलीला लावली तर भोकं पडतात. स्टेपलरच्या पिनांचं तेच. पिन मिटली की ती इंग्रजी बी अक्षरासारखी व्हायला हवी. कार्ट्रिजचा रंग म्हणजे त्या मिटलेल्या पिनेची उंची. एका कंपनीच्या मालात पांढरी १.० मिलिमीटर, निळी १.५, सोनेरी १.८, हिरवी २.०, काळी २.३. पुढची आणि मागची, अशा दोन भिंती एकत्र दाबून एवढ्या उंचीत बसवायच्या. पिन फार बुटकी पडली तर भिंत चिरडते, रक्त पोचत नाही, पिना नीट मिटत नाहीत. फार उंच पडली तर पकड ढिली राहते, कडेने रक्त झिरपतं. सगळा खेळ मिलिमीटरच्या अर्ध्या-पाव भागाचा.

जगभरातल्या अनुभवी स्लीव्ह सर्जनांच्या गटाने १२,००० हून जास्त ऑपरेशनांच्या अनुभवावर २०१२ साली एक सहमतीपत्र छापलं. त्यात साधं सांगितलं होतं: स्लीव्हमध्ये कुठेही निळ्याहून कमी उंचीची पिन वापरू नका, आणि अँट्रमवर हिरव्याहून कमी नको. तुम्ही ते वाचलेलं आहे. मला एका सरांनी चहाच्या सुट्टीत वाचून दाखवलं होतं, आणि त्या दिवसापासून त्यांच्या ट्रॉलीवर मी दोन काळ्या कार्ट्रिज न सांगता ठेवायची.

पूर्वी पोट उघडून ऑपरेशन व्हायची, तेव्हा सर्जनचा अंगठा आणि तर्जनी जठराच्या दोन बाजूंना असायची. टेलर कापड चिमटीत धरून बघतो तसं. दुर्बिणीने ते गेलं. आता लांब दांड्याच्या टोकाला जबडा असतो आणि पडद्यावर चित्र. भिंत किती जाड आहे हे पडद्यावर दिसत नाही. जबडा मिटताना हाताला किती जोर लागतो, मिटल्यावर कडा कशा दिसतात, यावरून अनुभवी माणूस ओळखतो. वजनाच्या काट्यावरून तर ते कळतच नाही. १५० किलोच्या माणसाची भिंत पातळ निघालेली मी पाहिली आहे आणि ९५ किलोच्या बाईची जाड, सुजलेली. आधी जठराला पट्टा बसवलेला असेल किंवा जुनं ऑपरेशन झालेलं असेल तर व्रणाने भिंत आणखी जाड होते. नवीन, बॅटरीवर चालणाऱ्या स्टेपलरांमधले काही जोराचा अंदाज घेऊन आपला वेग कमी-जास्त करतात, हे चांगलंच. पण कुठला रंग भरायचा हे अजून माणूसच ठरवतो.

आणि जबडा मिटल्यावर थांबायचं असतं. १५ सेकंद. भिंतीतलं पाणी बाजूला सरकतं, ती आणखी पातळ होते, मग फायर, म्हणजे पिना सोडायच्या. मी मनात मोजायची. काही सर शांतपणे पंधरापर्यंत जाऊ देत. काही सातलाच फायर करत, विशेषतः तिसरी केस असेल आणि बाहेर संध्याकाळचा ट्रॅफिक वाढत असेल तेव्हा. सिस्टरने "सर, अजून आठ सेकंद" असं म्हणायची पद्धत आपल्याकडे नाही. मीही म्हटलं नाही, हे माझं पाप मी इथे लिहून ठेवते.

अजून एक पाहिलं. पॅकेजचं ऑपरेशन. कार्ट्रिज महाग, आणि पॅकेजचा आकडा आधीच ठरलेला. कपाटात हिरव्या संपलेल्या, नवीन माल उद्या येणार. "निळा चालेल ना सर?" असं बाहेरून कोणीतरी विचारतं. बहुतेक सर नाही म्हणतात, थांबतात, शेजारच्या हॉस्पिटलमधून मागवतात. बहुतेक. रुग्ण भूल देऊन झोपलेला असताना हा प्रश्न निघूच नये, एवढंच माझं व्यवस्थापनाला सांगणं आहे. सगळ्या उंचीच्या कार्ट्रिज ट्रॉलीवर मोजून झाल्याशिवाय भूलतज्ज्ञांनी सुरुवात करू नये. सर्जरीच्या आधी आपण गॉझ मोजतो ना, तसं.

आता मी हे पत्र का लिहायला बसले ते.

माझा भाचा, रबाळ्याच्या एमआयडीसीत शिफ्टला जाणारा, वय ३४, वजन १३८. शुगर, रात्री घोरताना श्वास अडकणं, सगळं होतं. स्लीव्ह करायचं ठरलं, मीच हो म्हटलं. आजही म्हणेन, कारण याच ऑपरेशनने शुगरच्या गोळ्या सुटलेली माणसं मी पाहिली आहेत. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. ते वाचतील तेव्हा त्यांना कळेल. ऑपरेशन छान झालं, तिसऱ्या दिवशी घरी. नवव्या दिवशी त्याला डाव्या खांद्यात दुखू लागलं. बायकोला वाटलं गॅस असेल, त्यात दोन दिवस गेले. मी तेव्हा गावी होते. फोनवर मी पहिलं विचारलं, नाडी किती? बोटाला लावायच्या यंत्रावर १२८. मी म्हटलं, रिक्षा करा, आत्ता.

वरच्या टोकाला, अन्ननलिकेजवळ, लीक, म्हणजे शिवण सुटून गळती. लीक बहुतेक वेळा तिथेच होते: जठराची नळी अरुंद झाल्याने आतला दाब वाढलेला, भिंत पातळ, रक्तपुरवठा बेताचा. ही गुंतागुंत शंभरात एक-दोघांना होते आणि उत्तम हातांकडूनही होते. म्हणून तिथल्या सर्जनला मी दोष देत नाही. चुकीची कार्ट्रिज वापरली असंही मी म्हणत नाही. मला ते माहीतच नाही, आणि माझं दुखणं नेमकं तेच आहे.

दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये सीटी झाला, पू काढायला नळी घातली, पुढे स्टेंट, म्हणजे गळती झाकायला आतून बसवायची जाळीची नळी, महिनाभर नळीतून अन्न. तिथले सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "सिस्टर, वर कुठला लोड होता, कुठली कार्ट्रिज, भिंत कशी होती, काही लिहिलंय का?" प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या रात्री उत्तर मिळालं असतं तरी उपचार बदलले नसते. नळी, ॲन्टिबायोटिक, स्टेंट, तेच झालं असतं. पण उद्या या जठरावर पुन्हा हात घालायची वेळ आली, स्लीव्ह बदलून जठराचं बायपास करावं लागलं, तर त्या सर्जनला जुनी शिवण कुठल्या उंचीची आहे आणि भिंत पहिल्यांदा कशी भासली हे हवंच असणार.

आम्ही डिस्चार्ज कार्ड उघडलं. त्यात आहारतज्ज्ञांचं पान होतं, कुठल्या दिवशी ताक, कुठल्या दिवशी मुगाचं पाणी. बी-१२ आणि लोहाच्या गोळ्या. ऑपरेशनखाली एक ओळ: लॅप स्लीव्ह केली, रुग्णाने सहन केली. बिलावर "स्टेपलर कार्ट्रिज, नग ६". रंग नाही, उंची नाही, कंपनी नाही. सहा नग.

सहा नगांच्या सहा पाकिटांवर सहा स्टिकर असतात हे मला माहीत आहे. त्यावर उंची, लॉट नंबर, मुदत सगळं. पाकीट फोडलं की आम्ही सिस्टर ते स्टिकर सोलून ओटीच्या रजिस्टरमध्ये चिकटवतो. मी हजारो चिकटवले असतील. म्हणजे माहिती कुठे हरवलेली नाही. ती तळमजल्यावरच्या कपाटात, सुवाच्य, लॉट नंबरासकट पडून आहे. फक्त ज्याच्या पोटात त्या पिना आयुष्यभर राहणार, त्याच्या हातात ती नाही. गुडघा बदलला की त्याच्या इम्प्लांटचे स्टिकर रुग्णाच्या फाइलला लावून देतात. पोटातल्या टायटॅनियमच्या पिनांनी काय घोडं मारलंय?

माझी मागणी म्हणाल तर ही. रजिस्टरातला एक आणि डिस्चार्ज कार्डावर एक, असे स्टिकर दोन ठिकाणी लावा. कंपनी जास्तीचा देत नसेल तर हाताने लिहा. आणि रंग लिहू नका, मिलिमीटर लिहा. एका कंपनीचा निळा म्हणजे दुसऱ्या कंपनीचा निळा नव्हे. तिसऱ्या कंपनीच्या जांभळ्यात तर तीन ओळींत तीन उंचीच्या पिना, आणि ती मिटण्याआधीची उंची छापते. पुढच्या सर्जनला "निळा" वाचून काय कळणार? अँट्रमकडून वर, पहिलं फायरिंग अमुक, दुसरं अमुक, असं क्रमाने. त्याखाली तुमच्या शब्दांत एक ओळ: भिंत कशी वाटली. जाड, सुजलेली, पातळ, नेहमीसारखी. शिवणीवर वरून टाके घातले का, शिवणीला आधाराची पट्टी लावली का. पाच मिनिटांचं काम. विमा कंपनीला बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ४० च्या वर की ३५ च्या वर आणि सोबत कुठला आजार, हे तुम्ही कागदोपत्री चोख लिहून देताच की.

दुसरं, ऑपरेशनच्या आधी दोन वाक्यं बोला. "तुमच्या जठराची भिंत सगळीकडे सारखी नसते, ती आत गेल्यावरच नीट कळते, त्याप्रमाणे मी पिना बदलतो. तरीही शंभरात एक-दोघांना शिवण सुटते, बहुतेकदा घरी गेल्यावर." एवढंच. मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल, कारण चहाच्या सुट्टीत तेच ऐकत आले: पेशंटला काय कळतं, उगाच घाबरेल. अहो, हा तोच पेशंट आहे जो वाशीच्या दुकानात फोन घेताना दोन तास मेमरी आणि कॅमेऱ्याचे आकडे विचारतो. त्याच्या स्वतःच्या पोटाचे सहा आकडे त्याला झेपतील. घाबरून एखादा परत गेला तर तो कदाचित परत जायलाच हवा होता.

कोणी म्हणेल, हे लिहून दिलं की उद्या वकील येईल. वकील आजही येतो, आणि न लिहिलेल्या कागदावर त्याचं जास्त फावतं. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच सांगितलं की संमती खरी धरायची तर उपचाराचं स्वरूप, पर्याय आणि धोके रुग्णाला पुरेसे समजावलेले हवेत. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांत रुग्णाने मागितल्यावर कागद ७२ तासांत द्यायचे आहेत. आणि स्टेपलरची गोष्ट केवळ माझ्या भाच्याची नाही. औषधं-उपकरणांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने मार्च २०१९ मध्ये डॉक्टरांना पत्र काढलं, त्यात २०११ ते मार्च २०१८ या काळात सर्जिकल स्टेपलरबद्दल ४१,००० हून जास्त तक्रारी आणि त्यांत ३६६ मृत्यू नोंदल्याचं लिहिलं होतं. सगळ्या प्रकारच्या ऑपरेशनांचे मिळून, हे लक्षात घ्या. ऊतीची जाडी पाहून पिनेची उंची निवडा, हा सल्लाही त्याच पत्रात होता. आपल्याकडे उपकरणांच्या तक्रारींसाठी २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्सची व्यवस्था आहे. पण तक्रार करायची तर लॉट नंबर लागतो, आणि तो कपाटात.

तिसरी मागणी लहान आहे, पण मला तीच सगळ्यांत जवळची. आहाराच्या पानावर वरच्या बाजूला, ताक आणि मुगाच्या पाण्याच्याही आधी, मोठ्या अक्षरांत लिहा: नाडी १२० च्या वर राहिली, ताप आला, डावा खांदा दुखला किंवा श्वास लागला तर गॅस समजू नका, या नंबरवर रात्री-अपरात्री फोन करा. आणि तो नंबर रिसेप्शनचा नको, जो रात्री दहानंतर वाजत राहतो. भाच्याच्या बायकोला दोन दिवस आधी हे माहीत असतं तर ती दोन दिवस आधी निघाली असती. तिच्या घरी ओटी सिस्टर आत्या होती. सगळ्यांच्या घरी नसते.

आता तर वजनाची इंजेक्शनंही बाजारात आली आहेत. तुमच्याकडे येणारा माणूस यापुढे आणखी विचार करून येईल, जास्त प्रश्न विचारेल. त्याला ऑपरेशन खरंच हवं असेल तेव्हा त्याच्यासमोर ठेवायला तुमच्याकडे फोटोपेक्षा काहीतरी ठोस असू द्या.

स्टाफच्या बाजूने एक वाक्य. तुमच्या ओटीतल्या सिस्टरला मोजू द्या. मोठ्याने. तिचे पंधरा सेकंद होईपर्यंत तुमचं बोट ट्रिगरवर थांबलं तर तुमचा मान कमी होत नाही.

आपली,
एक निवृत्त ओटी सिस्टर
कोपरी, ठाणे (पूर्व)

ता. क. भाच्याने ऑपरेशनचे कागद लेखी अर्ज करून मागितले होते. ७२ तासांऐवजी १९ व्या दिवशी दोन पानं मिळाली, छापील. त्यात माझ्या ३४ वर्षांच्या दाढीवाल्या भाच्याचा उल्लेख तीन ठिकाणी "ती" असा आहे. स्टेपलरच्या जागी "योग्य कार्ट्रिज वापरल्या" एवढंच. आता तो ८९ किलोवर आहे, सकाळी पाम बीच रोडला चालायला जातो आणि मधूनच फोन करून विचारतो, "आत्या, तुला काय वाटतं, माझा वरचा कुठला असेल?"